पुरात घर गेलेली माणसं आपल्या गावात आली तेव्हा: गोव्यातले अनुभव

२३ जुलै २०२१ ला म्हादई आणि खांडेपार या दोन्ही नद्या एकदमच फुगल्या. सत्तरी, डिचोली, फोंडा इथं मातीची घरं बसली. १९८२ नंतरचा हा सगळ्यात वाईट पूर, असं मुख्यमंत्र्यांनी तेव्हा सांगितलं होतं. पुराचे फोटो भरपूर निघाले. पण कोरड्या राहिलेल्या गावांनी आलेल्या माणसांना कसं सामावून घेतलं, यावर फारसं लिहिलं गेलं नाही. पहिल्या रात्रीच्या जेवणाला आपल्याकडे हात कमी पडत नाहीत. मला त्याच्या पुढचं ऐकायचं आहे, चौथ्या-पाचव्या दिवसाचं. ज्यांनी घर उघडलं त्यांनी लिहा, आणि जे आले त्यांनी तर लिहाच. पूरच असायला हवा असंही नाही.

सत्तरीतली एक शिक्षिका

कोविडमुळे वर्ग रिकामे होते, म्हणून आमच्या शाळेत जागा लगेच मिळाली. अडचण झाली ती संडास-न्हाणीची. लहान मुलांसाठी बांधलेली दोन शौचालयं, आणि वापरणारी सात-आठ कुटुंबं. बायका पहाटे अंधारातच उठून बसायच्या. मग शेजारच्या वाड्यावरच्या काही घरांनी आपल्या न्हाण्या उघडून दिल्या. कुठलं कुटुंब कुणाकडे जाणार ते ठरवून टाकलं, म्हणजे रोज कुणाला विचारायला नको. त्या एका गोष्टीनं बायकांचे चेहरे बदलले.

दुसरी गोष्ट गुरांची. पुरुष सकाळी गुरांना बघायला आणि चिखल उपसायला परत जायचे. दुपारी माणसं मोजायला येणाऱ्यांना शाळेत फक्त म्हातारी आणि पोरं दिसायची, आणि जेवण तेवढंच यायचं. मोजायचं असेल तर रात्री मोजा, हे आम्हांला भांडून सांगावं लागलं.

फोंडा

बहुतेक माणसं शिबिरात जातच नाहीत, नातेवाइकांकडे जातात. आमच्याकडे गांजेहून मावशीचं सगळं कुटुंब आलं. त्याच वेळी ओपाचा पाणीप्रकल्प पुरात अडकला आणि आमचे नळ कोरडे पडले. बाहेर धो धो पाऊस, घरात माणसं दुप्पट आणि प्यायला पाणी नाही! शेजारच्या काकांनी विहिरीवर पंप लावून रस्त्यापर्यंत पाइप ओढला, म्हणून निभावलं.

घरोघरी राहिलेली ही माणसं कुठल्याच यादीत नव्हती. शाळेत पोचलेलं तांदूळ-डाळीचं पाकीट त्यांच्यापर्यंत आलं नाही. ते मागायला जायची मावशीला लाज वाटायची आणि आम्हांला राग यायचा. पुढच्या वेळी पंचांनी घरोघर फिरून पाहुण्यांची नावं लिहून घ्यावीत, एवढं माझं कळकळीचं सांगणं आहे.

काणकोण, पूरग्रस्त

आमचं २ ऑक्टोबर २००९ चं. गांधीजयंतीची सुट्टी, पोरं घरीच होती. डोंगरावरून पाणी आणि माती काही तासांत खाली आली. अंगावरच्या कपड्यांनिशी निघालो.

नंतर कपड्यांचे ढीग आले. जरीच्या साड्या, मुलांचे कोट. आतले कपडे नाहीत, परकर नाही, पाळीसाठी काही नाही. हे पुरुष स्वयंसेवकाला कसं सांगायचं? चावडीवरची, म्हणजे काणकोणच्या बाजारगावातली, एक शिवणकाम करणारी बाई आली, आमच्यात बसली आणि हळूच विचारलं, "तुमकां कितें जाय?" (तुम्हांला काय हवं?) दुसऱ्या दिवशी परकर शिवून आणले. मदत करणाऱ्यांत एक तरी बाई अशी बसून विचारणारी असू दे. माझ्या सासूबाईंचा चष्मा आणि रक्तदाबाच्या गोळ्याही तिच्यामुळेच मिळाल्या.

मडगाव

पूर नव्हे, कुवेत. २ ऑगस्ट १९९० ला इराकी सैन्य घुसलं. पुढच्या दोनेक महिन्यांत एअर इंडियानं अम्मानमधून एक लाखाहून जास्त भारतीय मुंबईला आणले, त्यांत गोंयकार पुष्कळ. कोकण रेल्वे नव्हती, मुंबईहून बसनं ते घरी पोचले. माझा आतेभाऊ बायको-मुलांसह आमच्या दोन खोल्यांत राहिला. खिशातले दिनार इथं कुणी बदलून देईना. मुलांचे शाळेचे दाखले तिकडेच राहिले होते. आमच्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी दाखल्याशिवाय त्यांना वर्गात बसवलं आणि कागद आले की द्या म्हणाले. मुलं शाळेत जायला लागली तेव्हा आतेभाऊ पहिल्यांदा नोकरी शोधायला बाहेर पडला. तोवर दारात बसून असायचा.

डिचोली, निवृत्त पंचायत कर्मचारी

दाखल्यांचा विषय निघाला म्हणून लिहितो. भरपाईसाठी मामलेदाराकडे पहिला प्रश्न येतो, घर कुणाचं? आपल्याकडे कितीतरी घरं भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीवर मुंडकारांची, म्हणजे तिथं घर करून राहणाऱ्या कुळांची आहेत. एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातला जमिनीचा सातबारासारखा उतारा) नाव भाटकाराचं, आणि मुंडकाराच्या हातात असलेला कागद भिजून लगदा झालेला. शिबिरातच एक टेबल मांडून आम्ही घरपट्टीच्या नोंदवहीतून प्रत्येकाचा घर क्रमांक काढून दिला. भिजलेले कागद उन्हात टाकू नका किंवा इस्त्री करू नका. पानांमध्ये कोरा कागद घालून पंख्याखाली ठेवा.

आणि पावसाळ्याआधी घरपट्टीच्या पावतीचा आणि वीजबिलाचा फोटो काढून परगावच्या नातेवाइकाच्या मोबाइलवर पाठवून ठेवा. नदीकाठच्या प्रत्येक घराला मी हे सांगत फिरतो.