लेकीसोबत भंडारदऱ्याला सायकलवर दोन रात्री: हेल्मेट, पॅड, तंबू… काय घ्यावं?

संगमनेरी_मास्तर

नमस्कार मंडळी. मी संगमनेरला शाळेत विज्ञान शिकवतो, वय ४६. मुलगी नववीत आहे. तिनं दोन वर्षं साठवलेले पैसे आणि थोडी माझी भर, असं करून या दिवाळीत तिला एमटीबी, म्हणजे डोंगरवाटांची सायकल घेतली. माझ्याकडे जुनी आहेच. रोज पहाटे आम्ही दोघं नदीकाठानं पंधरा-वीस किलोमीटर जाऊन येतो.

डिसेंबरच्या तिसऱ्या शनिवार-रविवारला सोमवारची रजा जोडून भंडारदऱ्याला जायचं ठरलंय. सायकली मेव्हण्याच्या पिकअपमधून शेंडी गावापर्यंत न्यायच्या. तिथून धरणाच्या पाण्याला वळसा: मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, मग साम्रद, रतनवाडी आणि परत शेंडी. पहिली रात्र घाटघर, दुसरी रतनवाडी, दोन्ही तंबूत. अंतर चाळीस-पंचेचाळीसच आहे, पण घाई करायची नाही. तिला अमृतेश्वराचं मंदिर निवांत बघायचंय.

सामानाचं बजेट दोघांचं मिळून १८ हजार. विचारायचं आहे ते असं: घरी स्कूटरचं आयएसआयवालं चांगलं हेल्मेट आहे, ते लेकीला चालेल का? धाकट्या भाच्याचे स्केटिंगचे गुडघ्याचे पॅड आहेत, तेच वापरावेत का? दोघांत एक तंबू घ्यायचा तर कसला? स्लीपिंग बॅग घ्यावी की घरची घोंगडी न्यावी? इंटरनेटवरच्या याद्या वाचून डोकं भणभणलंय. त्यातल्या निम्म्या वस्तू बर्फाच्या देशातल्या वाटतात.

---

घाटवाट_नाशिक

मास्तर, हा वळसा मी सात वेळा केलाय. एकदा हाडही मोडून घेतलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

फेब्रुवारी २०१९. साम्रदहून रतनवाडीकडे जाताना जंगलातला उखडलेला रस्ता लागतो, तिथल्या एका उतारावर माझं पुढचं चाक सुट्या खडीत गेलं. वेग फार नव्हता. पण माणूस पडताना हात पुढे टेकवतोच, तो विचार करून टेकवत नाही. उजव्या मनगटातलं एक लहानसं हाड मोडलं आणि डोकं बाजूच्या दगडावर आपटलं. हेल्मेटला कानामागे आरपार चीर गेली. डोक्याला साधं टेंगूळही आलं नाही. ते फुटकं हेल्मेट मी अजून कपाटात ठेवलंय आणि नवीन कुणी ग्रुपमध्ये आलं की हातात देते.

तेव्हापासून सामान निवडायची माझी रीत एकच आहे. पडल्यावर जमिनीला आधी काय लागतं? तळहात, गुडघा, डोकं. आणि रात्री जमिनीला काय लागलेलं असतं? पाठ. पैसे आधी इथे घालायचे. बाकी सगळं घरातलं, उसनं, जुनं चालतं.

स्कूटरचं हेल्मेट लेकीला देऊ नका. ते वाईट असतं म्हणून नाही, त्याचं काम वेगळं आहे. सव्वा-दीड किलोचं ओझं मानेवर घेऊन घाटघरचा चढ चढताना पोर घामानं निथळेल आणि अर्ध्या वाटेत ते काढून हँडलला लटकवेल. हँडलला लटकवलेलं हेल्मेट कुणालाच वाचवत नाही. सायकलचं हेल्मेट तीन-चारशे ग्रॅमचं असतं. त्यात एमटीबीसाठीचं घ्या, म्हणजे मागची बाजू मानेच्या वळणापर्यंत खाली उतरलेली. रस्त्यावरच्या सायकलींची हेल्मेटं मागे आखूड असतात, आणि माझी चीर नेमकी तिथेच होती. आत ईएन १०७८ किंवा सीपीएससी (सायकल हेल्मेटची युरोपची आणि अमेरिकेची सुरक्षा मानकं) असं छापलेलं आहे ना ते बघा. एमआयपीएस म्हणून आतमध्ये एक सरकता थर येतो, तो डोक्याला बसणारा पीळ कमी करण्यासाठी असतो. बजेटमध्ये बसला तर उत्तम. नाही बसला तर अडून राहू नका, नीट बसणारं साधं हेल्मेट सैल महागड्या हेल्मेटपेक्षा बरं.

नीट बसणं म्हणजे काय ते सांगते, कारण माझं पहिलं हेल्मेट एका दुकानदारानं "वाढत्या मापाचं घ्या" म्हणून गळ्यात मारलं होतं. शिवणकामाची टेप घेऊन कपाळावरून, भुवईच्या दोन बोटं वर, डोक्याचा घेर मोजा. तेच सेंटिमीटर डब्यावर शोधा. वयावर जाऊ नका. घातल्यावर पट्टा न लावता मान हलवली तरी ते घसरता कामा नये. पुढची कड भुवईपासून दोन बोटं वर. कानाखाली दोन्ही पट्ट्यांचा व्ही जमला पाहिजे आणि हनुवटीखाली एक बोट कसंबसं जावं. मुलीची वेणी खाली, मानेपाशी घाला. वर बांधलेला अंबाडा हेल्मेटला उचलून धरतो. आणि एकदा जोरात आपटलं की ते हेल्मेट संपलं, वरून चांगलं दिसलं तरी. आतला थर्माकोलसारखा थर दबूनच धक्का खातो आणि दबलेला थर परत फुगत नाही. तुम्ही विज्ञानाचे आहात, लेकीला तुम्हीच नीट समजावाल.

हातमोजे पूर्ण बोटांचे. अर्ध्या बोटांचे रस्त्यावर ठीक आहेत, पण इथे करवंदीची जाळी आणि मुरूम आहे. मोज्यांनी माझं हाड वाचलं नाही हे खरं, पण तळहाताची कातडी शाबूत राहिली. दुसऱ्या हाताला तर ओरखडासुद्धा नाही.

स्केटिंगचे पॅड नकोत. त्यांची कडक वाटी सपाट फरशीवर घसरण्यासाठी असते. पेडल मारताना ती फिरत फिरत पोटरीवर येते, मागचा पट्टा गुडघ्याच्या खोबणीत काचतो. सायकलचे पॅड पायमोज्यासारखे चढवायचे असतात, पुढे मऊ फोम असतो जो धक्का बसला की कडक होतो. चढाला घोट्यापर्यंत खाली सरकवायचे, उताराला वर घ्यायचे. कोपराचे पॅड या वाटेला मी नेत नाही.

डोळ्यांना साधा पारदर्शक चष्मा. पिकअप शेजारून गेली की जो धुरळा उठतो त्यात उतारावर डोळे मिटले तर संपलं.

आता रात्रीचं. तुमच्या तारखांना पाऊस नाही, पण दव भयंकर पडतं. पाण्याकाठी तर सकाळी तंबू पिळून काढावा लागतो. म्हणून दोन थरांचा तंबू घ्या: आत जाळी, बाहेर पावसाचं कापड, मध्ये हवा. एकाच थराच्या स्वस्त तंबूत तुमच्या दोघांच्या श्वासाची वाफ रात्रभर कापडावर साठते आणि पहाटे तोंडावर ठिबकते. दुसरी गोष्ट याद्यांमध्ये सापडणार नाही: घाटघरला जागोजाग कातळ आहे. खुंट्या आत जात नाहीत. तेव्हा खुंट्यांशिवाय स्वतःच्या काठ्यांवर उभा राहणारा घुमटाकार तंबूच घ्या आणि दोऱ्या डोक्याएवढ्या दगडांना बांधा. कोकणकड्यावरून रात्री वारा उसळतो. मी रिकामा तंबू करवंदीच्या जाळीत उडून गेलेला पाहिलाय. कड्यापासून लांब, गावाच्या बाजूला मुक्काम करा. दोन माणसांचा तंबू दोन-अडीच किलोच्या आत असेल तर सायकलवर जमतो.

स्लीपिंग बॅगवर तापमानाचे दोन-तीन आकडे असतात. कम्फर्टचा आकडा बघा, एक्स्ट्रीमचा मुळीच नाही. एक्स्ट्रीम म्हणजे जीव वाचेल, झोप नाही. मागच्या डिसेंबरमध्ये रतनवाडीला पहाटे माझ्या थर्मामीटरवर ८ अंश होते. कम्फर्ट ८ ते १० ची बॅग आणि अंगात स्वेटर, कानटोपी, एवढं पुरतं. पिसांची नको, दवानं ओली झाली की ती चपटी होऊन बसते. सिंथेटिक घ्या.

आणि घोंगडी! नक्की न्या, पण एकच, आणि पांघरायला नाही. अंगाखाली बॅगचं भरण दबून जातं, थंडी खालून येते. म्हणून आधी फोमची चटई, तिच्यावर घोंगडी, मग तुम्ही दोघं. लोकर दाट असते, पाठीखाली तेवढी चेपत नाही. माझे आजोबा सिन्नरकडे मेंढरं राखायचे, माळावर निजताना ते घोंगडीची जाड घडी अंगाखाली घालायचे आणि वर नुसतं धोतर. लहानपणी मला त्याचं नवल वाटायचं. वजन अडीच-तीन किलो भरेल, ते तुमच्या सायकलवर घ्या, लेकीच्या नाही.

---

चेन_आणि_ग्रीस

पुण्यात सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, त्या अनुभवानं थोडंसं. घाटवाट ताईंनी अंगावरचं सगळं सांगितलं, पण माझ्या मते पहिलं संरक्षक सामान म्हणजे ब्रेक. जुनी सायकल म्हणालात, तिचे ब्रेक पॅड आजच काढून बघा. मागचा पत्रा सोडून नुसता पॅड १ मिमीच्या आसपास आला असेल तर बदला. वजन लादून एकदा घरच्या उतारावर चालवून बघा, थांबायला लागणारं अंतर केवढं वाढतं ते लेकीलाही कळू दे. लांब उताराला ब्रेक सतत दाबून ठेवायचा नाही. दाबा, सोडा, दाबा. खाली पोचल्यावर ब्रेकच्या डिस्कला बोट लावू नका, पोळतं.

पाठीवर सॅक नको, वजन वर गेलं की खडीत तोल जातो. जड ते खाली आणि मागे, हलकं हँडलवर. बांधायला बाजारातले हुकवाले रबर नकोत, हुक सुटून चाकात जातात. जुन्या ट्यूब उभ्या कापून पट्ट्या करा, कोणताही पंक्चरवाला फुकट देईल. कातळावरून आदळत गेलात तरी गाठ सरकत नाही.

हवा फार ठासू नका. २.१ इंची टायरला पुढे तीसेक पीएसआय आणि सामानामुळे मागे चार-पाच जास्त. टणक टायर खडीवर नुसता उड्या मारतो. बाभळीचा काटा निघाला तरी त्याचं टोक टायरमध्ये राहतं. नवी ट्यूब घालण्याआधी आतून फडकं फिरवा, जिथे अडकेल तिथे काटा. दोन ट्यूब, पंप, पाने आणि मागच्या गिअरचा एक जादा हँगर (गिअर फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा). हँगर प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, वाटेत मिळणार नाही.

---

डॉ_रानवाट

मी आदिवासी भागातल्या सरकारी दवाखान्यात चार वर्षं होतो. प्रथमोपचाराबद्दल.

खरचटलेल्या जखमेत मुरूम राहिला की ती चिघळते. २० मिलीची सिरिंज सोबत ठेवा, पिण्याच्या पाण्यानं जोरात धार मारून जखम धुवा, मग गॉज. हळद, माती, चहापावडर काही नको. दोघांचं धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालंय ते आताच बघून ठेवा. एक त्रिकोणी पट्टी घ्या, मनगट दुखावलं तर झोळी करता येते. अंगठ्याच्या मुळाशी खोलगट जागेत दाबल्यावर दुखत असेल तर "मुरगळलंय" म्हणून सोडून देऊ नका, एक्स-रे काढा.

डोकं आपटलं आणि नंतर उलटी झाली, गुंगी आली किंवा पोर तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारू लागली, तर हेल्मेट कितीही शाबूत असो, वळसा तिथेच थांबवून दवाखाना गाठायचा.

तंबूची जाळी दिवसाही बंद. बूट आत घ्या, सकाळी झटकून मगच पाय घाला. विंचू मी असेच सर्वांत जास्त पाहिलेत. दगड गोळा करताना उघड्या हातानं उचलू नका, फुरसं दगडाखालीच बसतं. सायकलचेच हातमोजे घाला आणि आधी काठीनं दगड हलवा. चावलंच तर चिरा देणं, दोरी आवळणं, चोखणं यातलं काहीही नाही. हात-पाय न हलवता ठेवायचा, १०८ ला फोन, जमेल त्या गाडीनं दवाखाना. घाटघरकडे फोनला रेंज मिळेलच असं नाही, म्हणून गावात कुणाकडे गाडी आहे ते संध्याकाळीच विचारून ठेवा.

---

डोंगरातला_पाहुणा

माझं मत वेगळं आहे. तंबू विकतच घेऊ नका. रतनवाडीला, साम्रदला गावकरी अंगणात तंबू लावून देतात, चुलीवरची भाकरी-पिठलं मिळतं, पैसे त्याच घरात राहतात. वाचलेल्या चार-पाच हजारांत चांगलं हेल्मेट येईल. शिवाय हे सगळं कळसुबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे. वाटेल तिथे तंबू ठोकणं, जाळ करणं चालत नाही, शेंडीला वनखात्याकडे चौकशी करूनच पुढे जा. बिबट्या आहे, खरकटं बाहेर टाकू नका.

---

घाटवाट_नाशिक

पाहुण्यांचं बरोबर आहे, आणि मला आधी सुचायला हवं होतं. मास्तर, तंबू या खेपेला गावातलाच घ्या. फक्त फोनवर विचारा, दोन थरांचा आहे का. चटई, बॅग आणि घोंगडी मात्र स्वतःची न्या.

---

संगमनेरी_मास्तर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री लेकीनं हे सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. लगेच टेप आणली: तिचा घेर साडेचोपन्न, माझा अठ्ठावन्न. म्हणजे मी आजवर घालत होतो ते हेल्मेट मला मोठं होतं, पट्टा न लावता मान हलवली तर नाकावर आलं. दोन हेल्मेटं, दोन जोड हातमोजे आणि तिचे पॅड रविवारी नाशिकला जाऊन घालून बघून घेणार. माझे पॅड पुढच्या पगाराला. ब्रेक पॅड काढून पाहिले, मागचा जवळजवळ पत्र्याला टेकलाय.

तंबू घेत नाही. रतनवाडीतलं एक घर ओळखीतून मिळालं, त्यांच्याकडे दोन थरांचा आहे. घाटघरचं अजून जुळायचंय.

ताई, एक विचारायचं राहिलं. आमची घोंगडी धुऊन दोन वर्षं झाली, कुबट वास येतोय. आता धुतली तर महिन्याभरात वाळेल ना?

---

घाटवाट_नाशिक

धुऊ नका, आटेल. तीन दिवस कडक उन्हात दोन्ही बाजूंनी घाला, काठीनं झोडपा आणि रात्री घरात घ्या. वास जाईल. आणि पॅड पुढच्या पगारावर ढकलू नका. साम्रदच्या उताराला पुढे तुम्हीच असणार आहात.