तिसऱ्या सिलिंडरचं मिसिंग: कॉइल आपसात बदलूनही कोड तिथेच, पुढे काय तपासू?

स्लोरेस

गाडी पेट्रोल, १.२ लिटर, चार सिलिंडर, मल्टिपॉइंट इंजेक्शन, प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल. स्लो रेसवर इंजिन थोडं थरथरतं, पण खरा त्रास चढावर होतो. वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की झटके बसतात आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागतो. पाय सैल केला की दिवा नुसता लागलेला राहतो. स्कॅनरवर एकच कोड आहे, पी०३०३, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरचं मिसिंग (सिलिंडरमधलं मिश्रण मधूनमधून नीट न पेटणं). दुसरी आणि तिसरी कॉइल आपसात बदलली, कोड पुसला, गाडी चालवली. पुन्हा पी०३०३च आला.

प्लग साधे निकेलचे, ४०,००० किमी झालेले. कूलंट कमी होत नाही, सायलेन्सरमधून धूर नाही. हाताशी मल्टिमीटर, प्लगचा सॉकेट, फीलर गेज आणि ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर आहे. टॉर्क रेंच आणि कॉम्प्रेशन गेज मिळू शकतात.

कॉइल निर्दोष आहे असं धरू का? पुढचा क्रम काय ठेवू? आणि इंजेक्टरची रेल (चारही इंजेक्टरना पेट्रोल पुरवणारी नळी) घरी काढणं कितपत शहाणपणाचं?

---

टॅपेटसेटिंग

आधी दिव्याचं. दिवा नुसता लागलेला असणं आणि लुकलुकणं यात मोठा फरक आहे. लुकलुकतो तेव्हा इंजिनचा कॉम्प्युटर सांगत असतो की न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातंय. तिथे ते पेटतं, आतली जाळी तापून वितळू शकते, आणि वितळलेली जाळी एक्झॉस्ट चोंदवते. म्हणजे प्लग-कॉइलच्या दुरुस्तीचं काम कन्व्हर्टर बदलण्यापर्यंत जातं. तपासणी पूर्ण होईपर्यंत चढावर जोर लावू नका. लुकलुकायला लागला की लगेच पाय काढा.

कॉइल निर्दोष, हो. कॉइलबरोबर तिचा रबरी बूट आणि आतली स्प्रिंगही दुसऱ्या सिलिंडरवर गेली, त्यामुळे तीही संशयातून सुटली. पण कनेक्टर आणि वायर तिसऱ्यावरच राहिले, ते मात्र सुटले नाहीत. कनेक्टरचं कुलूप तुटलंय का, पिन मागे सरकली आहे का, हिरवट गंज आहे का ते बघा. इग्निशन ऑन करून कॉइलच्या पुरवठ्याच्या पिनवर बॅटरीइतका व्होल्टेज यायला हवा. त्या सर्किटमध्ये उघड बिघाड असता तर बहुतेक वेळा पी०३५३ही (तिसऱ्या कॉइलच्या सर्किटचा कोड) दिसला असता. तो नाही, म्हणजे शक्यता कमी, पण दोन मिनिटांचं काम आहे.

कोड पुसण्याआधी दर वेळी फ्रीझ फ्रेम लिहून ठेवा: आरपीएम, लोड, कूलंटचं तापमान, फ्युएल ट्रिम (कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा कमी करतो तो आकडा). मिसिंग नेमकं कोणत्या परिस्थितीत नोंदलं गेलं ते तिथेच कळतं आणि कोड पुसला की हा पुरावा जातो. बऱ्याच गाड्यांत शिकलेले फ्युएल ट्रिमही त्याबरोबर शून्यावर येतात.

आता प्लग. ४०,००० ला निकेलचे प्लग तसेही बदलायला आलेत, पण आत्ताच चारही नवे घालू नका. जुनेच आपसात बदला: तिसऱ्याचा चौथ्यात, चौथ्याचा तिसऱ्यात. कोड पी०३०४ झाला तर प्लग दोषी. नवे घातले आणि त्रास थांबला तर ठीक, नाही थांबला तर जुना प्लग काय सांगत होता ते कायमचं हरवतं. दोषी भाग ओळखायचा तर तो आधी हलवा, विकत नंतर घ्या.

इंजिन पूर्ण थंड असतानाच प्लग काढा, गरम ॲल्युमिनियम हेडचे आटे सोलवटतात. सैल करण्याआधी प्लगच्या खड्ड्यात हवा मारा, नाहीतर तिथली माती सरळ सिलिंडरमध्ये पडते. खड्ड्यात ऑइल साचलेलं दिसलं तर टॅपेट कव्हरचं गॅस्केट किंवा प्लग ट्यूबचा सील गेला. त्या ऑइलने बूट फुगतो आणि स्पार्क बाजूने पळतो.

प्लगच्या तोंडाकडे नीट बघा. फिकट तपकिरी म्हणजे ठीक. सुकी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. ओली, पेट्रोलच्या वासाची असेल तर पेट्रोल येतंय पण पेटत नाही, म्हणजे स्पार्ककडे संशय. काळी तेलकट असेल तर ऑइल आत येतंय. पांढरट, कोरडी असेल तर मिश्रण पातळ आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. चिनीमातीवर पेन्सिलने ओढल्यासारखी उभी काळी रेघ असेल तर स्पार्क तिथून उतरतोय, असा प्लग फेकूनच द्या, आणि बूटही.

गॅप (प्लगच्या दोन टोकांमधलं अंतर) गाडीच्या पुस्तकात असेल तोच. बहुतेक पेट्रोल गाड्यांत तो ०.८ ते १.१ मिमीच्या दरम्यान असतो. निकेल झिजून गॅप वाढतो, आणि लोडखाली सिलिंडरमधला दाब वाढला की तेवढी उडी मारायला जास्त व्होल्टेज लागतो. म्हणून झिजलेला प्लग सपाटीवर गप्प असतो आणि चढावर मिस मारतो.

बसवताना पहिले आटे हातानेच फिरवा. १४ मिमी आट्याचा, वॉशरचा प्लग ॲल्युमिनियम हेडमध्ये २५ ते ३० न्यूटन-मीटर, १२ मिमीचा १५ ते २०. आट्यांना ग्रीस लावू नका. त्याने घर्षण कमी होतं आणि त्याच टॉर्कला प्लग प्रमाणाबाहेर आवळला जातो.

---

वेटटेस्ट

वरच्या प्रतिसादाशी सहमत, फक्त एक भर घालतो. प्लग काढणारच आहात तर त्याच बैठकीत कॉम्प्रेशन घ्या. इंजेक्टरला हात लावण्याआधी सिलिंडर धड आहे हे माहीत असलेलं बरं. व्हॉल्व्ह गळत असेल तर इंजेक्टर कितीही साफ करा, उपयोग नाही.

चारही प्लग काढा. पेट्रोल पंपाचा फ्यूज काढा आणि सगळ्या कॉइलचे कनेक्टर सोडवा. बॅटरी पूर्ण चार्ज हवी. थ्रॉटल पूर्ण उघडा हवा, आणि चुका इथेच सर्वाधिक होतात: बंद थ्रॉटलवर हवाच आत जात नाही, आकडे खोटे कमी येतात, आणि माणूस विनाकारण हेड उघडतो. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असेल तर काही गाड्यांत पेडल पूर्ण दाबल्यावर स्टार्टर फिरताना तो उघडतो, काहींत नाही. शंका असेल तर थ्रॉटलच्या तोंडाशी बघून खात्री करा. मग प्रत्येक सिलिंडरवर सारखेच पाच-सहा ठोके मिळतील एवढं क्रँक करा. एकाला चार, दुसऱ्याला आठ असं करू नका.

साधारण पेट्रोल इंजिनला १० ते १४ बार येतात. आकड्यापेक्षा फरक महत्त्वाचा: सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी यांत १० ते १५ टक्क्यांहून जास्त तफावत नको. तिसरा कमी आला तर प्लगच्या भोकातून एक चहाचा चमचा, सुमारे ५ मिली, इंजिन ऑइल घालून पुन्हा घ्या. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा. हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. शेजारशेजारचे दोन एकदम कमी आले तर दोघांमधलं गॅस्केट फुटल्याची दाट शंका.

ज्यांच्याकडे दोन सिलिंडरला एकच कॉइल आहे, म्हणजे १-४ ची एक आणि २-३ ची एक, त्यांनी इथे विशेष सावध राहावं. २ आणि ३ दोन्हींवर कोड आला तर ती कॉइलही असू शकते आणि हे दोघे शेजारी असल्याने गॅस्केटही. कॉम्प्रेशन न घेता कॉइल आणायला धावू नका.

---

लांबडाट्रिम

स्कॅनर आहेच तर फ्युएल ट्रिम बघा, शॉर्ट (तात्पुरता) आणि लाँग (शिकलेला) दोन्हींची बेरीज धरून. इंजिन गरम करून आधी स्लो रेसवर, मग २५०० आरपीएमला धरून. स्लो रेसवर +१५ टक्के आणि २५०० ला जवळजवळ शून्य असेल तर कुठूनतरी बाहेरची हवा ओढली जातेय: इनटेक मॅनिफोल्डचं गॅस्केट, ब्रेक बूस्टरचा पाइप, पीसीव्हीचा (क्रँककेसमधला वायू इनटेककडे नेणारा) पाइप. रेस कमी असताना गळतीच्या हवेचा वाटा मोठा असतो, वाढली की तो नगण्य होतो. याउलट लोड वाढवताना ट्रिम चढत गेला तर पेट्रोल कमी पडतंय: पंप, फिल्टर किंवा इंजेक्टर.

एक सावधगिरी. मिस मारणाऱ्या सिलिंडरमधून न वापरलेला ऑक्सिजन बाहेर पडतो, ऑक्सिजन सेन्सरला ते पातळ मिश्रण वाटतं आणि कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो. म्हणजे वाढलेला ट्रिम मिसिंगचं कारण असेलच असं नाही, परिणामही असू शकतो. म्हणून ट्रिमचा आकडा प्लगच्या रंगाबरोबर वाचा, एकटा नको.

गळती शोधायला गरम इंजिनवर कार्ब क्लीनर फवारायची सवय अनेकांना आहे. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड शेजारीच असतो, आग लागते. थंड इंजिन नुकतंच चालू केल्यावर, अगदी थोडं, आणि अग्निशामक जवळ ठेवूनच. धुराच्या मशीनची सोय असेल तर तीच उत्तम.

---

स्लोरेस

सांगितल्याप्रमाणे केलं. आकडे असे:

कॉम्प्रेशन १२.४, १२.२, १२.१, १२.५ बार. १, २ आणि ४ चे प्लग फिकट तपकिरी, तिसरा पांढरट आणि कोरडा. खड्डे कोरडे. ३ आणि ४ चे प्लग आपसात बदलले, कोड पी०३०३च. कॉइलच्या कनेक्टरवर १२.४ व्होल्ट, पिना स्वच्छ. ट्रिमची बेरीज स्लो रेसवर +७, २५०० ला +९, चढावर +१३. चारही इंजेक्टरचा रेझिस्टन्स १२.२ ते १२.४ ओहम, लांब स्क्रू ड्रायव्हर कानाशी धरून ऐकलं तर चारही सारखेच टिकटिकतात. मग इंजेक्टर सुटला का?

---

टॅपेटसेटिंग

नाही सुटला, उलट आता तोच मुख्य संशयित आहे. टिकटिक म्हणजे वीज पोचते आणि सुई हलते, एवढंच. किती पेट्रोल पडतं ते आवाजावरून कळत नाही, रेझिस्टन्सवरूनही नाही. स्पार्क नसता तर प्लग ओला निघाला असता. तुमचा कोरडा आणि पांढरट आहे, कॉम्प्रेशन उत्तम आहे, ट्रिम लोडबरोबर चढतोय. पंप किंवा फिल्टर कमजोर असता तर चारही सिलिंडर उपाशी राहिले असते. इथे उपाशी एकच आहे.

रेल काढण्याआधी एक चाचणी. स्लो रेसवर इंजिन चालू ठेवून एकेका इंजेक्टरचा कनेक्टर क्षणभर काढा. धडधाकट सिलिंडरचा काढला की इंजिन स्पष्ट ढेपाळतं. तिसऱ्याचा काढल्यावर फारसा फरक पडला नाही तर तो आधीपासूनच पुरेसं काम करत नव्हता. कॉम्प्युटर आरपीएम सावरून घेतो, म्हणून आकड्यापेक्षा आवाज आणि थरथर यांकडे लक्ष द्या. ही चाचणी इंजेक्टरवरच करा, चालू इंजिनवर कॉइलचा कनेक्टर काढू नका: पेट्रोल पडत राहतं आणि कन्व्हर्टरमध्ये जातं. नंतर पी०२०१ वगैरे इंजेक्टर सर्किटचे कोड दिसतील, ते पुसा.

---

रेलप्रेशर

रेल घरी काढता येते, मल्टिपॉइंट (इंजेक्टर इनटेक मॅनिफोल्डमध्ये पेट्रोल सोडतात असा प्रकार) असेल तरच. डायरेक्ट इंजेक्शनला (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये) घरी हात लावू नये: तिथे दाब शेकडो बारपर्यंत जातो आणि इंजेक्टरचे टेफ्लॉन सील बसवायला खास अवजार लागतं. तुमच्या प्रकारात दाब साधारण ३ ते ४ बार, पण तोही डोळ्यात उडाला तर वाईटच. चष्मा घाला, उघड्यावर काम करा, आसपास ठिणगी नको.

पंपाचा फ्यूज काढून इंजिन चालू करा, आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, मग दोन-तीन सेकंद स्टार्टर मारा. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. जोड सोडवताना भोवती फडकं धरा, थोडं पेट्रोल तरीही येतं. रेल सरळ वर ओढा, तिरकी ओढली तर इंजेक्टरची टोकं मोडतात. मॅनिफोल्डची भोकं लगेच स्वच्छ फडक्याने झाका.

तिसरा आणि पहिला इंजेक्टर आपसात बदला. ओ-रिंग सगळ्या नव्या, कारण जुन्या दबून कडक झालेल्या असतात आणि दुसऱ्यांदा बसवल्यावर गळतात. त्यांना स्वच्छ इंजिन ऑइलचा पातळ थर लावा. कोरडी ओ-रिंग आत जाताना कापली जाते आणि ते दिसतही नाही.

सगळं आवळून तार आणि फ्यूज लावल्यावर स्टार्ट मारायचा नाही. इग्निशन तीन-चार वेळा ऑन-ऑफ करा म्हणजे पंप दाब भरेल, आणि टॉर्चने प्रत्येक इंजेक्टरचं वरचं तोंड बघा. ओलसरपणा दिसला तर पुन्हा खोला, तसंच पुढे जाऊ नका.

कोड पी०३०१ झाला तर इंजेक्टर चोंदलाय. अल्ट्रासॉनिकवर साफ करून घ्या, पण साफ करण्याआधी आणि नंतर चारही इंजेक्टरचं प्रमाण मोजून द्यायला सांगा, म्हणजे चौघांत फरक किती राहिला ते दिसेल. आतली छोटी जाळी बदलायलाच हवी, घाण बहुधा तिथेच असते. टाकीत ओतायच्या क्लीनरने हलका थर निघतो, इतकं चोंदलेलं इंजेक्टर सहसा सुटत नाही. थिनर किंवा ॲसिटोन कधीच नको, सील खराब होतात. आणि घरी बॅटरीची तार थेट लावून इंजेक्टर उघडा धरू नका, आतली कॉइल जळते.

पेट्रोल फिल्टर स्वतंत्र असेल तर तोही याच वेळी बदला. एका इंजेक्टरमध्ये घाण पोचली ती टाकीकडूनच आली असणार.

---

वेटटेस्ट

आणि इंजेक्टर बदलूनही कोड तिसऱ्यावरच राहिला तर तीन जागा उरतात. तिसऱ्या इंजेक्टरची वायर: स्लो रेसवर ठीक, पण इंजिन हलल्यावर तुटणारा जोड, कनेक्टर हलवून बघा. मॅनिफोल्डचं तिसऱ्या पोर्टजवळचं गॅस्केट, पण तुमचा ट्रिम लोडबरोबर वाढतोय म्हणून याची शक्यता कमी. आणि कॅमचा झिजलेला लोब किंवा तुटलेली व्हॉल्व्ह स्प्रिंग. स्टार्टरच्या संथ वेगाला हे दोन्ही कॉम्प्रेशन टेस्टमध्ये पास होऊ शकतात, म्हणून १२.१ बघून ते बाद धरू नका. टॅपेट कव्हर काढा, इंजिन हाताने फिरवा आणि तिसऱ्याचा व्हॉल्व्ह शेजाऱ्यांइतका उघडतो का ते मोजा.

---

लांबडाट्रिम

गॅस किट असलेल्या गाड्यांसाठी थोडं, कारण धागा शोधत ते इथे येतीलच. आधी पेट्रोलवर चालवून बघा. मिसिंग फक्त गॅसवर असेल तर प्लग आणि कॉइलपासून सुरुवात करा. सीएनजीला पेटायला जास्त व्होल्टेज लागतो, म्हणून पेट्रोलवर अजून चालणारा झिजलेला प्लग गॅसवर आधी हार मानतो. दोन्हींवर असेल आणि गरम झाल्यावर वाढत असेल तर टॅपेटचा क्लिअरन्स (व्हॉल्व्ह बंद असताना त्याच्या वर राहणारी बारीक मोकळी जागा) मोजा. गॅसवर एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो, क्लिअरन्स संपतो आणि गरम झाल्यावर तो पूर्ण बंदच होत नाही.

स्लोरेस, इंजेक्टर आपसात बदलल्यावर ट्रिम शून्यावर आले असतील. पहिल्या काही मिनिटांच्या आकड्यांवर निष्कर्ष काढू नका. इंजिन पूर्ण गरम करून सपाटीवर चालवा, मग हलक्या पायाने चढ घ्या, आणि पेंडिंग कोडही वाचा: दिवा लागण्याच्या आधी कोड तिथे दिसतो.