शब्दचर्चा : ऑडिओ इंटरफेस ‘ओळखत नाही’, ‘दिसत नाही’ की ‘घेत नाही’?

कोमल निषाद
घरगुती रेकॉर्डिंगवर मराठीत एक टिपण तयार होतंय. कॉम्प्युटरला जोडलेला यूएसबी ऑडिओ इंटरफेस (माइकचा किंवा वाद्याचा आवाज कॉम्प्युटरमध्ये पोचवणारा डबा) चालेनासा झाला की लोक ‘ओळखत नाही’, ‘दिसत नाही’, ‘घेत नाही’, ‘डिटेक्ट होत नाही’ असं काहीही लिहितात. टिपणात यातला कुठला एक शब्द ठेवावा?

पक्कड
एकच ठेवू नका. हे शब्द समानार्थी नाहीत, बिघाड कुठे आहे त्यावर शब्द ठरतो.

इंटरफेसचा दिवाच लागत नसेल तर ‘ओळखत नाही’ म्हणणं चूक. तिथे ‘पॉवर येत नाही’ असंच लिहावं. यूएसबी 2.0 पोर्ट 5 व्होल्टला 500 मिलिअँपिअर देतो, यूएसबी 3.0 पोर्ट 900. स्वतःचा अडॅप्टर नसलेल्या यूएसबी 2.0 हबच्या (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणाऱ्या डबीच्या) वाट्याला मात्र दर पोर्टमागे 100 मिलिअँपिअरच येतात. इंटरफेसला एवढ्याने भागत नाही, त्यातून 48 व्होल्टचा फँटम (कंडेन्सर माइकला लागणारी पॉवर) चालू केला की मागणी आणखी वाढते. हब काढा, थेट पोर्टला लावा, डेस्कटॉप असेल तर कॅबिनेटच्या मागच्या पोर्टला.

दिवा लागतो पण कॉम्प्युटरवरच्या जोडलेल्या वस्तूंच्या यादीत नावच येत नाही, तेव्हा ‘दिसत नाही’. पहिला संशय केबलवर. यूएसबी 2.0 केबलमध्ये चार तारा असतात, दोन पॉवरच्या आणि दोन डेटाच्या. डेटाची तार आतून तुटली, किंवा केबल फक्त चार्जिंगची निघाली, तर दिवा मस्त लागतो आणि कॉम्प्युटरला पत्ताही नसतो. इंटरफेसला प्रिंटरसारखं चौकोनी तोंड असेल तर तीच केबल प्रिंटरला लावून एक पान छापून बघा. छापलं गेलं तर डेटाच्या तारा शाबूत.

मंद्र
पक्कड यांच्याशी सहमत. ‘ओळखत नाही’ हा प्रयोग तर नेमक्या एका टप्प्यासाठी राखून ठेवण्यासारखा आहे. इंटरफेस लावला की त्याच्या आतला 1.5 किलोओहमचा रेझिस्टर डेटाची एक तार वर ओढतो, त्यावरून कॉम्प्युटरला कळतं की काहीतरी आलंय. मग कॉम्प्युटर विचारतो, तू कोण? उत्तरात 18 बाइटची माहिती यायला हवी, तिच्यात कंपनीचा आणि वस्तूचा क्रमांक असतो. हे उत्तर आलं नाही किंवा तुटक आलं, की विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘अननोन यूएसबी डिव्हाइस’ आणि कोड 43. आलेला दिसला, पण कोण ते कळलं नाही. हे खरं ‘ओळखत नाही’.

उपाय : केबल काढून अर्धा मिनिट थांबा, दुसरी आखूड केबल घ्या, दुसरा पोर्ट घ्या. दोन वेगळ्या कॉम्प्युटरवर, दोन वेगळ्या केबलने तेच आलं तर ड्रायव्हर (कॉम्प्युटरला इंटरफेस चालवायला लागणारं सॉफ्टवेअर) पुन्हा पुन्हा टाकत बसू नका. इंटरफेसच्या सॉकेटचं सोल्डर सुटलंय किंवा फर्मवेअर (त्याच्या आतलं सॉफ्टवेअर) बिघडलंय, तो दुरुस्तीला द्यावा.

कोड 28 असेल तर ओळख पटली आहे, ड्रायव्हर नाही. कोड 10 म्हणजे ड्रायव्हर आहे पण सुरू होत नाही. दोन्हीला ‘ड्रायव्हर बसत नाही’ म्हणा. इंटरफेस काढून ठेवा, डिव्हाइस मॅनेजरच्या व्ह्यूमध्ये ‘शो हिडन डिव्हायसेस’ करा, त्या इंटरफेसच्या फिकट दिसणाऱ्या जुन्या नोंदी ड्रायव्हरसकट अनइन्स्टॉल करा, रीस्टार्ट करा. मग कंपनीचा ड्रायव्हर टाका आणि तो सांगेल तेव्हाच इंटरफेस लावा. घाईने आधीच लावला की बरेचदा विंडोज स्वतःचा सर्वसाधारण ड्रायव्हर चिकटवतं आणि गोंधळ पुन्हा तिथेच येतो.

तानपुरा४४१
मॅकवर हा फरक डोळ्यांनी दिसतो. सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये यूएसबीखाली नाव आहे, पण ऑडिओ मिडी सेटअप या मॅकच्या ॲपमध्ये नाही, याचा अर्थ ओळख झाली आणि गाडी ड्रायव्हरवर अडली. सिस्टिम सेटिंग्जमधल्या प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत ड्रायव्हरला परवानगी देणारं ‘अलाऊ’ बटण बरेचदा वाट बघत असतं. ॲपलच्या चिपवाल्या लॅपटॉपवर मॅकओएस 13 पासून नवी वस्तू जोडताना परवानगीही विचारली जाते. तिथे नकार दिला तर पॉवर मिळते, डेटा नाही.

आणखी एक. आपल्याकडे इंटरफेसलाच ‘साउंड कार्ड’ म्हणतात, तो शब्द टिपणात टाळा. ‘साउंड कार्ड दिसतंय’ असं कुणी कळवलं की ते मदरबोर्डवरचं असतं आणि इंटरफेस गायबच असतो. यादीतलं नाव अक्षरशः वाचून दाखवायला सांगावं.

कोमल निषाद
मग ‘घेत नाही’ बाद?

मंद्र
बाद नको. ‘पेनड्राइव्ह घेत नाही’ हे सगळे बोलतात, शोधणाराही तेच टाइप करेल. शीर्षकात तोच ठेवा, आत गेल्यावर शब्द वेगळे करा. नाव दिसतं, ड्रायव्हर बसलाय आणि तरी माइकची पातळी हलत नाही, तर ‘आवाज घेत नाही’ लिहा आणि आधी मायक्रोफोनची परवानगी तपासायला सांगा.

पक्कड
‘इंटरफेस जातो’ राहिला. रेकॉर्डिंग चालू असताना मध्येच नाव नाहीसं होऊन परत येतं, ते हे. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद करा, आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रत्येक ‘यूएसबी रूट हब’च्या पॉवर मॅनेजमेंटमधली पॉवर वाचवण्याची खूण काढा. एवढं करूनही जात असेल तर प्लग हलक्या हाताने हलवा. हलवताच गेला तर सॉकेट ढिलं झालंय.