थुरोत्सीच्या इतिवृत्ताचे मोल: ग्रंथाचे की चित्रांचे?

वाळवी: काल आपल्या मंचावर एका सदस्याने लिहिले की, पंधराव्या शतकातील इतिहासकार थुरोत्सीने लिहिलेल्या हंगेरीच्या इतिवृत्ताच्या जुन्या छापील प्रतींना मिळणारा भाव निव्वळ राजांच्या चित्रांचा असतो, मजकुराची चार पाने गहाळ असली तरी बिघडत नाही आणि चित्रे रंगवलेली असली तर दुधात साखर. हे वाचून गप्प बसवेना. १४८८ मध्ये २० मार्चला ब्रनोत आणि ३ जूनला आउग्सबुर्गमध्ये, म्हणजे अडीच महिन्यांत, या ग्रंथाच्या दोन आवृत्त्या निघाल्या. दुसरी आउग्सबुर्गचा मुद्रक राटडोल्ट याची, तिच्या चर्मपत्रावरील खास प्रतींत त्याने हंगेरीचा राजा मात्याश याला उद्देशून लिहिलेली अर्पणपत्रिका सोन्यात छापली. तेही मजकुराचेच पान आहे, तेव्हा तेही सोडून द्यायचे काय?

जुनाखिळा: विधान माझे आहे आणि मी ते मागे घेत नाही. मजकूर आधुनिक आवृत्त्यांत वाचता येतो, त्यासाठी कोणी घर गहाण टाकत नाही. १४९३ च्या न्यूरेंबर्ग इतिवृत्ताच्या, म्हणजे तिथे छापलेल्या जगाच्या सचित्र इतिहासाच्या, शेकडो प्रती टिकल्या असूनही त्याचा भाव चढाच राहिला, तो कशामुळे?

वाळवी: त्याच ग्रंथात ६४५ लाकडी ठशांतून १८०९ चित्रे काढली आहेत, एकच मुखडा अनेक नावांखाली येतो. कोणता मुखडा कोणाचा, हे शेजारचा मजकूरच सांगतो.

चर्मबांधणी: रंगाचा विषय निघालाच आहे, तर माझे ऐका. ‘छपाईच्या काळातील रंग’ अशी ग्वाही देऊन एका विक्रेत्याने मला त्याच काळातील एक सचित्र ग्रंथ विकला. घरी भिंगाखाली पाहिले, तर कसरीने पाडलेल्या भोकांच्या आतल्या कडांना हिरवा रंग लागलेला होता आणि भोकातून झिरपून खालच्या पानावर ठिपका उमटला होता. किडीने आधी पान खाल्ले आणि मग कोणीतरी कुंचला चालवला, याहून दुसरा अर्थ मला लावता आला नाही. वर पाने धुऊन शुभ्र केलेली, त्यामुळे समासातील जुन्या वाचकांच्या नोंदी पुसट झालेल्या. असली साखर तुमच्या दुधात तुम्हीच घाला.

जुनाखिळा: तुम्ही फसलात म्हणून प्रत्येक रंगवलेली प्रत बनावट ठरत नाही! त्या काळच्या काष्ठचित्रांच्या, म्हणजे लाकडी ठशांनी छापलेल्या चित्रांच्या, रेषा मोकळ्या ठेवत, कारण त्यांत हाताने रंग भरला जाईल हे गृहीत होते. तांब्यापासून केलेल्या जुन्या हिरव्या रंगाने कागद खाल्ला की पानाच्या पाठीवर तपकिरी छाया उमटते. खरेदीपूर्वी पान उलटून पाहण्याचे कष्ट घेतले होते काय?

चर्मबांधणी: घेतले नव्हते. आपल्यासारखे सर्वज्ञ तेव्हा भेटले नव्हते.

वाळवी: टोमणे पुरेत. जुना रंग मोलाचा असतो हे मला मान्य आहे, पण गहाळ पानांचे उत्तर अजून आलेले नाही. त्या जागी नक्कल घातलेली प्रत ओळखायला पान प्रकाशासमोर धरावे लागते: जलचिन्ह आणि जाळीच्या रेषा (कागद बनवताना साच्याच्या उमटलेल्या खुणा) शेजारच्या पानांशी जुळत नाहीत आणि छपाईच्या खिळ्यांचा दाब पाठीवर बोटाला लागत नाही. अशी प्रत तुम्ही पूर्ण प्रतीच्या भावाने घ्याल?

जुनाखिळा: पूर्ण भावाने घेणार नाही. थुरोत्सीच्या ग्रंथातले तातारांच्या स्वारीचे चित्र शाबूत असेल, तर घासाघीस मात्र तुमच्याआधी सुरू करीन.