सोनं निघेल, पण त्या पाण्याचं काय?
कर्नाटकातल्या कोलारच्या सायनाइड टेकड्यांतून, म्हणजे सायनाइड या विषारी रसायनाने सोनं काढून उरलेल्या खाणीच्या गाळाच्या ढिगांतून, उरलंसुरलं सोनं काढलं की पैसेही मिळतील आणि गावाची धुळीतून सुटका होईल, असं जे म्हटलं जातं ते पटतंय. पण मला खरी काळजी वाटते ती वापरून झालेल्या पाण्याची. रोमानियात बाया मारे शहरात हेच चाललं होतं, शहराजवळचा जुना गाळ उचलायचा, सायनाइडने सोनं-चांदी काढायची, उरलेलं लांबच्या नव्या तळ्यात सोडायचं आणि तेच पाणी परत फिरवायचं, बाहेर थेंब जाणार नाही असं डिझाइन. ३० जानेवारी २००० ला पाऊस आणि वितळलेल्या बर्फाने तळं भरलं, बांध फुटला, जवळपास १ लाख घनमीटर विषारी पाणी नद्यांमधून हंगेरीत तिसा नदीपर्यंत गेलं आणि टनांनी मासे मेले. म्हणून सायनाइड तळ्यात जायच्या आधीच प्लांटमध्ये नष्ट करायची अट कोलारच्या टेंडरमध्ये हवीच.