मिनी डेस्कटॉपला रॅम वाढवावी, की मशीनच बदलावं?

खानापूर_झेरॉक्स
बेळगावजवळच्या खानापुरात झेरॉक्स-डीटीपीचं दुकान आहे. पहाणीचे उतारे (कर्नाटकातला सातबारा), सेवा सिंधू या सरकारी पोर्टलचे अर्ज, आणि लगीनसराईत मराठी-कन्नड दोन्ही पत्रिका. टेबलावर जागा नाही म्हणून आठव्या पिढीच्या आय-५ चा मिनी डेस्कटॉप घेतलाय, सेकंडहँड. एसएसडी आहे, रॅम ८ जीबीची एकच. क्रोम, कोरलड्रॉ आणि नुडी (कन्नड टायपिंगचं सॉफ्टवेअर) एकदम उघडलं की माऊस जागच्या जागी अडकतो आणि समोर गिऱ्हाईक उभं. दुरुस्तीवाला म्हणतो, मशीन बदला. माझं मत: आणखी ८ टाकली की पाच वर्षं बघायला नको. पटत नसेल तर बोला.

निपाणीकर
नाही पटत. भाव बघितलाय का ओ? २०२५ च्या शेवटापासून मेमरी भडकलीय. चिप कंपन्यांचा सगळा माल एआयच्या सर्व्हरकडे चाललाय. मायक्रॉननं तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रूशियल हा किरकोळ ग्राहकांचा ब्रँडच बंद करायचं जाहीर केलं. असल्या बाजारात जुन्या डब्यात पैसे घालणं म्हणजे म्हाताऱ्या बैलाला चांदीची घुंगरं. थांबा थोडं, नाहीतर सरळ नवीन घ्या.

टिळकवाडी_रिपेअर
निपाणीकर, नव्या मशीनमध्ये रॅम काय फुकट येते? तीच महाग मेमरी त्याच्याही किमतीत धरलेली असते. रॅम महागली हे मशीन बदलण्याचं कारण होऊच शकत नाही, उलट आहे ते टिकवायचं कारण आहे.

दुसरं, यांच्याकडे एकच स्टिक आहे. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलं की स्क्रीनचं कामसुद्धा त्याच रॅममधून चालतं. दुसऱ्या स्लॉटमध्ये तेवढीच टाकली की ड्युअल चॅनेल सुरू होतं, म्हणजे दोन्ही स्टिक एकदम वापरल्या जातात, कोरलमध्ये पान सरकवताना फरक कळतो. मात्र डेस्कटॉपची लांब रॅम आणू नका. या मशीनला लॅपटॉपची लागते, डीडीआर४, २६० पिनांची. जुन्या डीडीआर३ ची खाच वेगळ्या जागी असते, ती बसणारच नाही.

शहापूरची_मीनाताई
पिढी बघितल्याशिवाय कुणी 'घाला रॅम' म्हणू नका. आमच्या क्लासमधलं मशीन सहाव्या पिढीचं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ ला इंटेलची निदान आठवी पिढी आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं. रॅम ६४ केली तरी ती अट सुटत नाही. खानापूरवाल्यांचं आठवीचं आहे म्हणून त्यांना हा वाद घालता येतोय. बाकीच्यांनी हा धागा वाचून दुकानात पळू नये.

निपाणीकर
ताईंचं बरोबर. पण मला सांगा, रॅम खरंच भरतेय हे कुणी बघितलं का? टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरी बघा. स्लॉट किती रिकामे तेही तिथंच लिहिलेलं असतं. डिस्क शंभर टक्क्यांवर आणि मेमरी निम्मी असेल तर दोष भलतीकडंच आहे.

खानापूर_झेरॉक्स
बघितलं. ७.८ पैकी ७.२ वापरात, कमिटेड (उघड्या प्रोग्रामांनी मागितलेली एकूण मेमरी) १३ च्या वर. दोनपैकी एक स्लॉट रिकामा. आता बोला की!

निपाणीकर
मग घ्या बाबा. पण कोल्हापुरात घ्या, आम्ही सगळे तिकडंच जातो. निवड जास्त मिळते.

टिळकवाडी_रिपेअर
तुमची जीएसटी नोंदणी असेल तर आधी बिलाचं बोला. कोल्हापुरात काउंटरवर महाराष्ट्राचा एसजीएसटी (राज्याचा जीएसटी) लावून बिल फाडलं तर त्याचं क्रेडिट, म्हणजे कराची वजावट, कर्नाटकातल्या नोंदणीला मिळत नाही. सीमा आपल्या बोलण्यात नसली तरी बिलात असते. शिवाय वॉरंटीसाठी परत पुण्या-बंगळूर हायवे तुडवत कोण जाणार?

शहापूरची_मीनाताई
लॅपटॉपमधून काढलेली जुनी रॅम निम्म्या भावात मिळते, ती का नको? मी तरी तीच घेईन.

टिळकवाडी_रिपेअर
चालेल, पण मेमटेस्ट (रॅम तपासायचा प्रोग्राम) रात्रभर चालवून. एक जरी एरर आली तरी परत करा. कोरलची फाईल सेव्ह होताना बिघडली तर पत्रिकाच पुन्हा जुळवावी लागेल. जुनी २४०० ची असेल तर तुमची २६६६ वालीही २४०० नं चालेल, त्याचं एवढं काही नाही.

बसवताना: प्लग काढा, पॉवरचं बटण थोडं दाबून ठेवा, मग झाकण. काही मॉडेलात स्लॉट तळाच्या झाकणाखाली असतो, काहीत हार्डडिस्कच्या ट्रेखाली. स्टिक तिरकी घालायची, सोनेरी कड जवळजवळ दिसेनाशी झाली की खाली दाबायची, दोन्ही बाजूंच्या क्लिपा टक् करून लागल्या पाहिजेत. पहिल्यांदा स्क्रीन थोडा वेळ काळाच राहिला तर लगेच बटण दाबत बसू नका. तरीही चालू झालं नाही तर जुनी स्टिक काढून कड खोडरबरनं पुसा. पावसाळ्यात तुमच्या खानापूर भागातली कित्येक 'मेलेली' मशीनं मी तेवढ्यावर उठवलीत.

निपाणीकर
खोडरबरचे पैसे किती घेता ते पण लिहा.