शिडांच्या काळातील सागरी कादंबऱ्या: अतिशयोक्ती किती?

प्रश्न: नेपोलियनकालीन ब्रिटिश आरमारावरील कादंबऱ्यांत एखादे चिमुकले जहाज दुपटीहून अधिक तोफांच्या फ्रिगेटला (मध्यम आकाराच्या वेगवान युद्धनौकेला) जिंकते, हे मला पटत नाही. यास काही ऐतिहासिक आधार आहे काय?

प्रतिसाद १: आहे, आणि तो कादंबरीहून अद्भुत आहे. ६ मे १८०१ रोजी बार्सिलोनाजवळ ब्रिटिश आरमारातील कप्तान टॉमस कॉक्रेन यांच्या ‘स्पीडी’ या छोट्या जहाजाने १४ तोफा व ५४ माणसांनिशी ३२ तोफांचे, ३१९ माणसांचे स्पॅनिश लढाऊ जहाज ‘गामो’ काबीज केले. अमेरिकी निशाण फडकवून त्यांनी शत्रूला आधी संभ्रमात टाकले. मग जहाज इतके खेटून लावले की ‘गामो’च्या उंचावरील तोफांचे गोळे डोक्यांवरून निघून जाऊ लागले. शेवटी सुकाणू चक्क जहाजावरील डॉक्टरांच्या हाती सोपवून उरलेले सारे शत्रूच्या डेकवर चढले. (कादंबरीकाराने हे कल्पिले असते, तर संपादकाने खोडले असते!)

प्रतिसाद २: फ्रिगेट म्हणजे काय हे पाहायचे असल्यास, मुंबईत १८१७ साली वाडिया या जहाजबांधणी करणाऱ्या पारशी घराण्याच्या देखरेखीखाली सागवानात बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही पाण्यावर उभी आहे.

प्रश्नकर्ता: आभारी आहे, डॉक्टरांचा तपशील मला ठाऊक नव्हता.